समुद्र होता, किनारा केला

श्वास भरून घ्या आणि उडी मारा. शिडी आहे, पण शिडीनं उतरू नका. थंड पाण्यात पायरी पायरीनं उतरणं म्हणजे दात काढायला गेल्यावर डॉक्टरांशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसणं. जे व्हायचं ते होणारच आहे. हे पाणी ओरेसुंडचं, डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीचं. काठावरचं शहर कोपनहेगन. एका बुडीला एक काळ, एवढाच नियम. डोकं वर काढाल तेव्हा साल बदललेलं असेल.

वर आलात की आधी ओठांवरचं पाणी चाखा. खारट आहे, पण आपल्या अरबी समुद्राच्या निम्मंही नाही. बाल्टिकला मिळणाऱ्या नद्यांचं गोडं पाणी याही वाटेनं बाहेर पडतं, त्यामुळे वरचा थर मचूळ लागतो. दुसरी गोष्ट ध्यानात यायला थोडा वेळ लागेल. इथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच. कोकणात सकाळी तरंगणारी होडी दुपारी चिखलात रुतलेली दिसते. इथे पाणी दिवसभरात वीतभर वरखाली होतं, बस्स. त्यामुळे समुद्रात खांब ठोकून त्यावर लाकडी स्नानगृह उभारणं सोपं. तुम्ही अशाच एका स्नानगृहाच्या आत आहात. पहिलं महायुद्ध अजून सुरू व्हायचं आहे.

चारी बाजूंना फळ्यांची भिंत, वर आभाळाचा चौकोन. पलीकडच्या भिंतीआडून हसण्याचे आवाज येतात, कारण बायकांचा विभाग वेगळा आणि पुरुषांचा वेगळा. अंगावरच्या लोकरीच्या पोशाखानं पाणी पिऊन इतकं वजन धरलंय की तो एका हातानं सावरावा लागतोय. समुद्र एवढा मोठा, आणि तुमच्या वाट्याला आलाय तो तिकीट काढून, कुंपण घालून. बाहेर अमागर बेटाचा उथळ, बिनशोभेचा काठ आहे. शहराचा मैला वर्षानुवर्षं गाड्यांत भरून याच बेटावर आणला गेला. कोपनहेगनकरांनी बेटाला ठेवलेलं टोपणनाव इथे छापण्याजोगं नाही.

तरी लोकांना उघड्यावर, उन्हात यायचंय. ही ओढ नुसती चैनीची नाही. याच शहरात १८९६ मध्ये नील्स फिन्सेन या डॉक्टरनं प्रकाशोपचाराची संस्था काढली. क्षयाचा एक प्रकार चेहऱ्याची कातडी खाऊन टाकतो, त्यावर तो प्रकाशाचा एकवटलेला झोत टाकून उपचार करी. १९०३ मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. ऊन म्हणजे औषध ही गोष्ट कोपनहेगनला त्यानं पटवून दिली होती. औषध मात्र अजून फळ्यांच्या आडच मिळतंय.

बुडी.

आता डोळे किलकिले करूनच वर या, कारण सगळं पांढरं आहे. जुलै १९३६, रविवार. शहराच्या उत्तरेला, क्लाम्पेनबोर्गचा बेलव्ह्यू किनारा. भिंत नाही, फळी नाही. बायका, पुरुष, पोरं सगळी एकाच पाण्यात. कुंपणाऐवजी उंच मनोरे आहेत, निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे, आणि त्यावर पाण्यावर नजर ठेवून बसलेले जीवरक्षक.

चार वर्षांपूर्वी हा किनारा खुला झाला तेव्हा तो आखणारा आर्ने याकोबसेन जेमतेम तिशीचा होता. पुढे याच माणसाच्या 'एग' आणि 'स्वान' खुर्च्या जगभर गेल्या, चांगल्या हॉटेलांच्या लॉबीत त्यांच्या नकला आजही दिसतात. पण मला विचाराल तर त्याचं खरं काम इथे आहे. पाण्यातून बाहेर येऊन नीट बघा. मनोरे त्याचे, कपडे बदलायच्या खोल्या त्याच्या, आइस्क्रीमची टपरी त्याची. नोकरांचे गणवेश त्यानंच आखले. तुमच्या ओल्या हातात चुरगळत असलेलं तिकीटसुद्धा त्याच्या टेबलावरून आलंय. एका दुपारच्या चैनीसाठी इतका विचार कुणी कशाला करावा? कारण ज्यांच्यासाठी केला ते काही बंगलेवाले नव्हेत. बंगलेवाल्यांना समुद्र आधीपासून होताच.

ते बघा, स्टेशनाकडून येताहेत. दोन वर्षांपूर्वी विजेवर चालणारी लोकल सुरू झाली, तिचा पहिलाच मार्ग क्लाम्पेनबोर्गपर्यंत टाकला गेला. ओस्टरब्रो आणि नॉरब्रोच्या चाळवजा इमारतींत, अंगणात दिवसातून तासभर ऊन पडतं तिथे राहणारी माणसं डबे घेऊन उतरताहेत. तुमच्या शेजारच्या कुटुंबानं चादर पसरलीय. आई राय या धान्याच्या काळ्या पावाचे तुकडे मोजून वाटतेय. त्यावर माशाचा एक काप, आणि वाऱ्यानं आणलेली वाळू फुकट. धाकट्याला ती वाळू दाताखाली आलीय, तोंड वाकडं करून तो पाव वाळूतच पुरायला निघालाय, आणि बापाला ते दिसत नाही, कारण बाप तोंडावर टोपी ठेवून झोपलाय. त्याला पगारी सुट्टी अजून नाही. दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा १९३८ मध्ये होईल. तोवर जे काय ते रविवारी उरकायचं.

मागे वळलात तर बेलाविस्टाची पांढरी घरं दिसतील, एकमेकांना तिरपी सरकवलेली, जेणेकरून प्रत्येक सज्ज्यातून समुद्र दिसावा. लांबून सगळं सिमेंट-काँक्रीट वाटतं. गिलावा खरवडलात तर आत साधी वीट निघेल, पण आजच्या दिवशी कुणी खरवडू नये. पलीकडचं थिएटर यंदाच उघडलंय. त्याचं छप्पर सरकतं. उकाड्याच्या संध्याकाळी नाटक आभाळाखाली चालतं.

वाळूत पहुडलेल्या एखाद्या तरुण इंजिनियरकडे बघून मनात येईल की हा पुढच्या वर्षी मुंबईचं जहाज तर पकडणार नाही ना. विचार अगदीच वावगा नाही. कोपनहेगनच्या एफ. एल. स्मिथ कंपनीच्या कामावर सोरेन टुब्रो १९३४ मध्ये भारतात आलाय, हेनिंग होल्क-लार्सन १९३७ मध्ये येईल, आणि १९३८ मध्ये दोघं मुंबईत भागीदारी मांडतील. लार्सन अँड टुब्रो ती हीच. अर्थात आपल्या उन्हाशी गाठ पडल्यावर त्यांनी ऊन औषध आहे असं पुन्हा म्हटलं असेल की नाही, शंका आहे.

पुढची बुडी जपून. वर येताना आवाज करू नका.

ऑक्टोबर १९४३, रात्र. डेन्मार्क साडेतीन वर्षं जर्मनांच्या ताब्यात आहे. या काठावर अंधार सक्तीचा, आणि समोर तटस्थ स्वीडनचे दिवे बिनघोर जळताहेत. उन्हाळ्यात ज्या किनाऱ्यांवर चादरी पसरल्या जात, त्याच किनाऱ्यांवरून आणि कोळ्यांच्या बंदरांतून माणसं होड्यांत चढताहेत. ज्यूंना पकडायला धाडी पडणार ही बातमी आधीच फुटली. शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी, कोळ्यांनी त्यांना लपवलं आणि काही आठवड्यांत सात हजारांवर माणसं या पाण्यापलीकडे पोहोचली. काही कोळ्यांनी भाडं घेतलं, भरपूर घेतलं, आणि तरी नावा हाकल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्यांच्यात आर्ने याकोबसेन आहे. तो ज्यू आहे. पट्ट्यापट्ट्यांच्या मनोऱ्यांचा किनारा आखणारा माणूस छोट्या वल्ह्याच्या होडीत बसून हेच पाणी ओलांडतो. स्वीडनमध्ये इमारतींची कामं मिळत नाहीत, तेव्हा तो बायकोबरोबर, योन्नाबरोबर, कापडावर छापायची नक्षी काढतो. रानफुलं, गवत, पानं. युद्ध संपल्यावर परत येतो.

यानंतरच्या काळात बुडी नकोच. १९६० च्या दशकातल्या कोपनहेगन बंदराच्या धक्क्यावर उभे राहा आणि नुसतं बघा. पाण्यावर तेलाचे इंद्रधनुषी डाग. कारखान्यांचं सांडपाणी, जहाजबांधणीची घाण, आणि पाऊस पडला की गटारांतून उसळून येणारा शहराचा मैला. बंदरात पोहायच्या जागा गेल्या दशकातच बंद झाल्या. पाण्याच्या काठी वसलेल्या शहरात पाण्याकडे पाठ करून जगणं सवयीचं झालंय. पुढे चला.

हां, आता मारा. इस्लांड्स ब्रुगे, २००३.

पाच मीटरांचा सुळका आहे, लाल पट्ट्यांचा, जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला. तुमच्या मागे आठ-नऊ वर्षांच्या पोरी रांगेत आहेत आणि त्यांना तुमच्या तत्त्वचिंतनात रस नाही. "उडी मारताय की नाही?" मारा. खाली पाणी हिरवट, पण स्वच्छ, आणि तुम्ही भर शहरात आहात: एका हाताला लांगेब्रो पूल, समोर ऑफिसं आणि मॉल. तिकीट नाही. हा लाकडी तरंगता तलाव बियार्के इंगेल्स आणि जुलियन दे स्मेट या दोन तरुण वास्तुशिल्पींनी काढलाय. तेही तेव्हा तिशीच्याच आत-बाहेरचे. या शहराला किनाऱ्यांचं काम तरुणांकडे सोपवायची सवयच दिसते.

पण खरं काम त्या पोरींना कधी दिसणार नाही, कारण ते जमिनीखाली आहे. पावसाचं पाणी आणि मैला एकाच नळातून जातो. मोठी सर आली की नळ भरतो आणि जास्तीचं सगळं बंदरात. शहरानं भूमिगत टाक्या आणि जाड बोगदे बांधले, सर आली की ते पाणी तिथे थोपवायचं, ओसरल्यावर शुद्धीकरणाकडे पाठवायचं. बंदरात उघडणारी बरीच तोंडं बंद केली. तरी उरलेल्यांतून पाणी आलंच तर अंदाज आधीच मिळतो आणि लाल बावटा लागतो. २ जुलै २०११ ला इथे दोनेक तासांत दीडशे मिलिमीटर कोसळला आणि सगळ्या टाक्यांची परीक्षा झाली. तळघरं भरली, रस्ते बुडाले. मुंबईकर दीडशेच्या आकड्याला हसेल. हसू द्या; तो पाऊस पडून गेल्यावर मिठीत पोहायला उतरत नाही.

एक छोटी बुडी आणि २००३ च्या दोन वर्षं पुढे: अमागर. हो, तेच ते. १९३४ मध्ये इथे सार्वजनिक किनारा झाला होता, पण पाणी असं की चालत राहा, चालत राहा, गुडघ्याच्या वर येईना. २००५ मध्ये शहरानं समुद्रातच वाळूचं दोन किलोमीटर लांबीचं बेट टाकलं. बेटाच्या आतल्या बाजूला संथ खाजण, पोरांसाठी. बाहेरच्या बाजूला खोल पाणी, तुमच्यासाठी. मधे वाळूच्या टेकड्या, त्यावर लावलेलं गवत, आणि दहा-बारा वर्षांत कुणाला खरं वाटू नये की हे निसर्गानं केलेलं नाही. समोर मिडलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्या किंचित वाकलेल्या रांगेत फिरताहेत. त्यातल्या निम्म्यांची मालकी सहकारी संस्थेची, साडेआठ हजारांवर सभासदांची. वाळूत तुमच्या शेजारी पडलेल्या बाईचा त्यात शेअर असू शकतो. उजवीकडे स्वीडनचा पूल. डोक्यावरून कास्त्रुपला उतरणारी विमानं इतकी खाली की चाकं मोजावीत. एकीकडे एवढी यंत्रं आणि खाली उघडी माणसं; मला हे दृश्य बेलव्ह्यूहून जास्त आवडतं. तिथे सौंदर्य जरा कडक इस्त्रीचं आहे.

शेवटची बुडी, आणि हिला उन्हाळा नाही. जानेवारी २०२४, अमागरचाच काठ, पाणी दोन-तीन अंश. खाली गेलात की छातीतली हवा कुणी मुठीत धरल्यासारखी होते. श्वास सोडा, हळू, लांब. वीस सेकंद पुरे. शिडी चढा, ओल्या तळव्यांना फळ्यांवरचं दव चिकटतंय. तसेच पळत सौनात.

आत अंगावर कुणाच्याच काही नाही. तुम्ही टॉवेल घट्ट धरून आलात, पण दोन मिनिटांत ध्यानात येतं की इथे टॉवेलवाल्याकडेच लोक बघतात. टॉवेल फळीवर अंथरा आणि बसा. नव्वद अंशांत चर्चा चाललीय ती लिनेटहोल्मची. बंदराच्या तोंडाशी समुद्रात आणखी एक बेट भरायला घेतलंय. संसदेनं २०२१ मध्ये मंजुरी दिली, पुढच्या वर्षी काम सुरू झालं. ३५,००० माणसांची घरं आणि वादळी लाटांपासून शहराला आडोसा, असं योजनेत म्हटलंय.

"मातीच्या ट्रकांचं काय?" वरच्या फळीवरून कुणीतरी.

"आणि तो उपसलेला गाळ? क्योगेच्या उपसागरात नेऊन टाकत होते. आपलं पाणी स्वच्छ करायचं, आणि घाण दुसऱ्याच्या किनाऱ्यावर."

"मग लाटा आल्यावर कुठे बसणार? इथेच, या फळीवर?"

"स्वीडनलाही विचारा. पाण्याचा प्रवाह अडला तर बाल्टिकचं काय होईल?"

"तुम्ही आत्ता ज्या किनाऱ्यावरून आलात तोही भरावच आहे," दाराजवळचे एक आजोबा म्हणतात. त्यावर क्षणभर कुणाला उत्तर सुचत नाही, आणि मग सगळे एकदम बोलतात.

वाद ऐन रंगात असताना शेजारच्या आजी तुमच्याकडे वळतात. तुम्ही कुठले? तुमच्याकडे समुद्रात भराव घालतात का?

तुम्ही मुंबईचं नाव घेता. सात बेटं, ती जोडून झालेलं शहर, नरीमन पॉइंट, आता कोस्टल रोड. बोलता बोलता फळीवरची सगळी घामेजली डोकी तुमच्याकडे फिरलीत. दाराकडे निघालेले आजोबा परत येऊन बसतात आणि बादलीतलं पळीभर पाणी तापल्या दगडांवर ओततात.

"थांबा, आत्ता बाहेर जाऊ नका," आजी सरकून जागा करतात. "आणि त्या भरावावर किनारा किती ठेवला?"