वारेतून निघालेलं औषध आणि पन्नास लाखांचं कुंपण

बाळंतपणानंतर पडणारी वार आपल्याकडे गावोगावी जमिनीत पुरायची पद्धत. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारावरचं पहिलं औषध याच वारेतून काढलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असेल.

आजाराचं नाव गोशे. आपले डॉक्टर गॉशरही म्हणतात. फिलीप गोशे या फ्रेंच डॉक्टरने १८८२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. पेशीतली एक प्रकारची चरबी मोडणारं एन्झाइम कमी पडतं, चरबी साचत जाते, पाणथरी आणि यकृत वाढतं. पोट नगाऱ्यासारखं, अंगात रक्त नाही, हाडं ठणकतात. आईबाप धडधाकट असतात, पण दोघांकडेही सदोष जनुक असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. नात्यात लग्न झालं की ही गाठ पडायची शक्यता वाढते. मामाची मुलगी करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, रागावू नये.

अमेरिकेत रॉस्को ब्रेडी यांनी १९६० च्या दशकात कमी पडणारं एन्झाइम ओळखलं. कमी आहे तर बाहेरून द्या, इतका साधा विचार. पण तो तडीला न्यायला पंचवीसेक वर्षं गेली. १९९१ मध्ये औषधाला मान्यता मिळाली तेव्हा एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला हजारो वारा लागत. १९९४ पासून तेच एन्झाइम प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून करून घेतात. साधारण दर पंधरा दिवसांनी सलाईनसारखं शिरेतून द्यायचं, तेही जन्मभर. मेंदूपर्यंत मात्र ते पोचत नाही, त्यामुळे मेंदूवर परिणाम करणाऱ्या प्रकारात त्याचा उपयोग तोकडा.

आपल्या देशात सुरुवातीला कंपनीच्या धर्मादाय योजनेतून मोजक्यांनाच ते मिळालं. २०१४ मध्ये दिल्लीतल्या एका रिक्षावाल्याच्या मुलासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला आदेश दिला, पोराला एम्समध्ये मोफत उपचार द्या. मग सरकार हललं. २०१७ ला धोरण आलं आणि रखडलं, २०२१ ला नवं आलं. त्यातही गोशेसारख्या जन्मभराच्या महागड्या उपचारांसाठी लोकवर्गणीचं पोर्टल दाखवलं होतं! २०२२ मध्ये मदत वाढवून प्रत्येक रुग्णाला पन्नास लाखांपर्यंत केली.

आकडा मोठा वाटतो ना? पण औषधाचा डोस वजनावर ठरतो. पोर वाढलं की खर्च वाढतो, मर्यादा मात्र तिथेच. पैसे संपले की पुढचं सलाईन कुणी द्यायचं, हा प्रश्न पुन्हा कोर्टातच जातो.

मावळातल्यांसाठी एक गोष्ट. या धोरणातलं मुंबईचं केंद्र म्हणजे परळचं केईएम. आपल्याकडे केईएम म्हटलं की पुण्यातलं रास्ता पेठेतलं डोळ्यासमोर येतं, तिथे गोंधळू नका. लोणावळ्याहून गाडीने दादर, तिथून परळ. लहान मुलाचं पोट फुगलेलं, रक्त सारखं कमी आणि कावीळ-मलेरिया काही निघत नसेल, तर डॉक्टरांना गोशेचं नाव घेऊन विचारा. एन्झाइमची तपासणी रक्तातूनच होते.