पळणे आणि धावणे

‘पळणे’ आणि ‘धावणे’ ही क्रियापदे मराठीत शेजारी नांदतात. सकाळी मैदानावर जाणारा माणूस ‘पळायला जातो’ म्हणतो आणि कोणाला खटकत नाही. पण पुढे एखादे क्रियापद जोडले की दोघांच्या वाटा फुटतात. माणूस पळून जातो आणि धावून येतो. संकटात आपण देवाचा धावा करतो, म्हणजे त्यालाच ‘धावत ये’ म्हणून हाक मारतो. ख्रिस्ती धर्मविचारात भय, विश्वास आणि धाव यांचा एकत्र अभ्यास करू पाहणाऱ्या नव्या वाचकाला मी याच दाराने आत बोलावतो. पाय तेच, छातीतली धडधड तीच. फरक दिशेचा, आणि त्या दिशेच्या टोकाला कोण उभे आहे याचा.

पवित्र शास्त्रात माणसे किती धावतात, हे त्या एका हेतूने वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही. राजे यांच्या पहिल्या पुस्तकात अठराव्या अध्यायाच्या शेवटी एलीया अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावतो, परमेश्वराचा हात त्याच्यावर असतो. पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीची धमकी येते आणि तोच एलीया जीव घेऊन पळतो. बैर-शेबा ओलांडून, चाकराला मागे ठेवून, रानात एका झुडपाखाली तो मरण मागत पडतो. यानंतर जे घडते त्यावर मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे, तरी ते जुने होत नाही. देव त्याला भित्रा म्हणत नाही, उपदेशही करत नाही. देवदूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, कारण वाट लांबची आहे. होरेब डोंगरावरची मंद वाणी त्यानंतरची, चाळीस दिवस चालून गेल्यावरची. भयावरचा पहिला उतारा इथे झोप, भाकर आणि पाणी आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मीही धावायला लागलो तो भीतीपोटी. वडील छातीच्या दुखण्याने गेले, आणि त्यांचे वय मला गाठत आले तेव्हा रात्री माझी झोप उडू लागली. पहिल्या दिवशी अर्ध्या किलोमीटरवर काळीज असे उसळले की मी रस्त्याच्या कडेला बसलो. रात्री अंथरुणात होते तशीच ती धडधड होती. भीतीत आणि धावण्यात शरीर एकच भाषा बोलते: श्वास आखडतो, तळव्यांना घाम येतो, काळीज वेग धरते. काही महिन्यांनी त्या धडधडीचा दुसरा अर्थ शरीराला कळू लागला. हा अनुभव म्हणजे विश्वास, असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर पौलाची पत्रे मला वेगळी वाचता आली.

इ.स. 50च्या सुमारास पौल करिंथला आला. डेल्फी येथील शिलालेखावरून, करिंथमध्ये ज्याच्यापुढे पौलाला उभे केले गेले त्या रोमन अधिकारी गालियोचा अधिकारकाळ 51-52च्या आसपास ठरतो, म्हणून ही तारीख बरीच पक्की आहे. जवळच्या इस्थमियात दर दोन वर्षांनी खेळ भरत. विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा मुकुट मिळे, सुकलेल्या सेलरीचाही देत. नाशवंत मुकुटासाठी माणसे किती राबतात, हे पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती पाने असणार. पौलाने ते खेळ पाहिले, असा पुरावा नाही. नव्या अभ्यासकाने तेवढे सावध राहावे.

व्हिक्टर फिट्झनर यांचा 1967चा ग्रंथ या क्षेत्राचा पाया आहे. पौलाची शर्यत ही स्टोइक तत्त्वज्ञांसारखी स्वतःला घडवण्याची धडपड नव्हे, ती सुवार्तेच्या कामाची धाव आहे, हे त्यांनी नीट दाखवले. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सरळ कबूल करतो की तो करिंथला अशक्तपणात, भीत आणि थरथर कापत आला. प्रेषितांच्या कृत्यांतही करिंथमध्येच रात्री त्याला दर्शन होते: भिऊ नकोस, बोलत राहा. शर्यतीबद्दल लिहिणारा हा माणूस धीट म्हणून जन्मलेला नव्हता. दुसरा अध्याय बाजूला ठेवून नववा वाचला की मंडळीत उपदेश होतो तो जिंकण्याचा, आणि मागे पडलेल्यांना तो ऐकवत नाही.

इथून स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलकडे यावेच लागते. 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने रविवारी धावायला नकार दिला. 1981च्या ‘चॅरिअट्स ऑफ फायर’मुळे तो घराघरांत पोहोचला, आणि अभ्यासकांना त्याला चित्रपटापासून सोडवण्याचे काम लागले. धावताना देवाचा आनंद जाणवतो, हे त्याच्या नावावर फिरणारे वाक्य पटकथालेखकाचे आहे. शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे, हे चित्रपटात त्याला बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ते कित्येक महिने आधी ठाऊक होते. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. क्षणात घेतलेला निर्णय शूर दिसतो. महिनोन्‌महिने टीका सोसत तोच निर्णय रोज सकाळी पुन्हा घेणे, यात भय कसे वागवायचे ते शिकायला मिळते. 6 जुलै 1924च्या रविवारी तो पॅरिसच्या स्कॉटिश चर्चमध्ये बोलला. 11 जुलैला चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत त्याला सर्वांत बाहेरची लेन मिळाली. तिथून बाकीचे धावपटू दिसत नाहीत, मागे कोण किती जवळ आले ते कळत नाही. तो सुरुवातीपासून जीव तोडून धावला आणि 47.6 सेकंदांत जिंकला.

याच खेळांना भारताचा चमू घेऊन हॅरी बक गेले होते. मद्रासला 1920मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय त्यांनीच सुरू केले. भारतातील मिशनचे काम आणि मैदान यांचे नाते मराठीत अजून कोणी पुरते उलगडलेले नाही. एखाद्या विद्यार्थ्याने ते हाती घ्यावे, ही मनापासूनची इच्छा.

स्त्रियांच्या धावेकडेही या क्षेत्राने उशिरा पाहिले. मार्कच्या शुभवर्तमानात कबरेपाशी गेलेल्या स्त्रिया भीतीने पळून जातात आणि कोणाला काही सांगत नाहीत. मत्तयात त्याच पहाटे त्या भयाने आणि मोठ्या आनंदाने धावत शिष्यांकडे जातात. भय तिथेही आहे, मत्तयाने ते पुसलेले नाही. लूककडे वळलो तर उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाला परतताना दुरून पाहून म्हातारा बाप धावत सुटतो. धावा ऐकून धावून येणारा देव मराठी वाचकाला कधी परका वाटला नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या भाषेत इतकी चटकन रुजते.

लिडेल 1925मध्ये चीनला परतला. त्याचा जन्म तिथल्याच तिएन्त्सिनचा. 1941मध्ये त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसऱ्या मुलीला तो कधी पाहू शकला नाही. 1943पासून तो वेइश्येनच्या जपानी छावणीत होता. तिथे त्याने मुलांना विज्ञान शिकवले, खेळ घेतले. पंचाशिवाय मुले भांडतात हे पाहून रविवारच्या हॉकीला तो स्वतः पंच म्हणून उभा राहिला. पॅरिसमध्ये रविवारी न धावलेला हाच माणूस. छावणीतल्या एका मुलाचे बूट फाटले होते आणि थंडी कडाक्याची होती. लिडेलने आपले धावण्याचे बूट, दोऱ्याने शिवून ठिगळ लावलेले, त्याच्या हातात दिले. 21 फेब्रुवारी 1945ला मेंदूतल्या गाठीने लिडेल गेला. युद्धानंतर तो मुलगा मोठा होऊन मिशनरी झाला, आणि गेला जपानला.