बर्फ, खुर्ची आणि लिडविना

मागच्या हिवाळ्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मी नेदरलँड्समध्ये बर्फावरचं स्केटिंग शिकायला गेलो. इथली पोरं शिकताना खुर्ची ढकलतात. मीही ढकलली, काय करणार!

चुकत होतं एवढंच, की चालल्यासारखा मी पाय मागे रेटायचो. तो नुसताच घसरतो. पात्याची कड बर्फात रुतवून पाय बाजूला रेटायचा असतो.

ही कड पूर्वी नव्हतीच. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफनने लिहून ठेवलंय, की लंडनची तरुण पोरं पायांना जनावरांची हाडं बांधायची आणि काठीने रेटा देत सरकायची. हाड गुळगुळीत, म्हणून काठी. पुढे इकडे लोखंडी पाती आली आणि काठी सुटली.

स्किडाम गावची लिडविना 1395-96 च्या हिवाळ्यात बर्फावर पडली. वय पंधरा. बरगडी मोडली, आणि 1433 मध्ये मरेपर्यंत ती आजारीच राहिली. आज कॅथलिक लोक तिला स्केटिंग करणाऱ्यांची संत मानतात! 1498 साली छापलेल्या तिच्या चरित्रात त्या पडण्याचं चित्र आहे. मागे एक गडी एका पायावर मजेत चाललाय, हातात काठी नाही.

खुर्ची सोडायच्या आदल्या रात्रीच मी ते चित्र बघितलं. दुसऱ्या दिवशी चार ढांगा टाकल्या आणि आपटलो. बरगड्या शाबूत आहेत.