किर्लोस्कर मंडळीचीं तीन बिऱ्हाडें

ठाण्यास मासुंदा तलावाच्या कांठीं 1978 सालीं रंगायतन उभें राहिलें. त्यास राम गणेश गडकरी यांचें नांव आहे. ज्या मंडळींत पडेल तें काम करून ह्या गडकऱ्यांनीं नाटकाचे पहिले धडे घेतले, त्या किर्लोस्कर नाटक मंडळीची हकीकत आज सांगावयाची आहे.

अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगांवकडील गुर्लहोसूरचे. त्यांच्यापूर्वींच्या पौराणिक नाटकांत पदें बहुधा सूत्रधारानें म्हणावयाचीं आणि पात्रांनीं हावभाव करावयाचे. 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्यास ‘शाकुंतल’ झालें, तें ह्या रीतीस रजा देऊन. दुष्यंताचें गाणें दुष्यंतानेंच गावें! साक्या, दिंड्या, कर्नाटकी चाली हें सामान घरचेंच होतें. मांडणी तेवढी नवी. 1882 सालीं ‘सौभद्र’ आलें आणि मंडळीचा जम बसला.

1885 सालीं अण्णासाहेब वारले. मंडळी बुडाली नाहीं. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यानें ती तारली. 1901 सालीं भाऊरावही गेले. चारच वर्षांनीं नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, दाखल झाले. मृत्यूचे असे घाव सोसणारी ही संस्था घरच्या तंट्यानें मात्र खचली. 1913 सालीं नारायणराव, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व मंडळी निघाली. 1918 सालीं दीनानाथ मंगेशकरांनीं सोबत्यांसह बळवंत मंडळी काढली.

ह्या फुटीबद्दल बरेच अश्रू ढाळले गेले आहेत. मला तें रडणें अर्धेंच पटतें. गडकऱ्यांचें ‘पुण्यप्रभाव’ 1916 सालीं मूळ मंडळीनें केलें. 1919 च्या जानेवारींत ते वारले, आणि त्याच वर्षीं गंधर्वांनीं ‘एकच प्याला’ व बळवंतनें ‘भावबंधन’ रंगभूमीवर आणलें. एका लेखकाचीं नाटकें तीन बिऱ्हाडांत नांदलीं, हें कांहीं थोडें नव्हे.

हरवलें तें निराळेंच. अण्णासाहेबांचें पद कथेच्या ओघांत येई व कथेस पुढें नेई. पुढें एका गळ्यासाठीं ‘वन्समोर’वर ‘वन्समोर’ पडूं लागले, नाटक पहांटेपर्यंत लांबूं लागलें, आणि कथा बिचारी विंगेंत तिष्ठत राहिली. दोष एकट्या गायकाचा म्हणवत नाहीं. टाळ्या वाजविणारे आपलेच आजे-पणजे होते. पुढें बोलपट आला, तेव्हां गाणें तोही देऊं लागला, आणि तेंही स्वस्तांत.

ठाण्याहून गाडीनें कल्याणास जावें, तर तेथील रंगमंदिरास आचार्य अत्रे यांचें नांव. अत्रे गडकऱ्यांना गुरु मानीत.