डिस्कस आणि पाण्याचा हिशेब

फिशटँकच्या कुठल्याही दुकानात डिस्कसची चौकशी करा, एकच उत्तर मिळते: ‘नाजूक मासा आहे, टिकत नाही.’ बशीसारखा गोल, चपटा, अंगावर उभे पट्टे असलेला हा ॲमेझॉनचा मासा मी काही वर्षे पाळतो आहे. त्याच्याबद्दल वाचत गेलो तसा ‘नाजूक’ हा शब्द मला खटकू लागला. दरवर्षी अख्खे जंगल पाण्याखाली जाणाऱ्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या जगलेला मासा नाजूक कसा? तो आपल्याकडे आला की का मरतो, याचे उत्तर शोधताना माशापेक्षा माणसाचाच इतिहास जास्त हाती लागतो.

सुरुवात 1817 पासून करावी लागते. त्या वर्षी ऑस्ट्रियाची एक शास्त्रीय मोहीम ब्राझीलला निघाली. तिच्यात योहान नाटरर नावाचा निसर्ग अभ्यासक होता. बाकीचे परतले तरी तो मागे राहिला आणि जवळपास 18 वर्षे नद्या-जंगले पालथी घालत पक्षी, प्राणी, मासे व्हिएन्नाला पाठवत राहिला. रिओ निग्रो या काळ्या पाण्याच्या नदीतला गोल मासा त्याच संग्रहातला. व्हिएन्नातल्या योहान याकोब हेकेल यांनी 1840 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून ‘सिम्फिसोडॉन डिस्कस’ हे नाव दिले. नावाचा पहिला भाग जबड्याच्या सांध्यावरच्या दातांवरून आला आणि दुसरा आकारावरून. मासा कोणत्या पाण्यात राहतो, याचा नावात मागमूस नाही. नाटररने तिथे लिहून ठेवलेल्या टिपणांचा मोठा भाग 1848 च्या व्हिएन्नातल्या आगीत जळाला. युरोपच्या हाती राहिला तो बाटलीतला मासा.

त्याच सुमारास लंडनमध्ये वेगळीच खटपट चालू होती. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये दाखवले की काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी बराच काळ न बदलताही चांगले राहते. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि काचेच्या पेटीत मासे पाळण्याची लाटच आली. समतोल साधला की पाण्याला हात लावायला नको, ही समजूत तेव्हापासून रुजली. आजही कित्येक घरांत ती कायम आहे.

या कथेचा पुढचा भाग वॉरिंग्टन यांच्याच घरात घडला. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीचा अभ्यास करत होता. अमोनियाचे नायट्रेट होण्याचे काम सूक्ष्मजीव करतात आणि ते दोन टप्प्यांत होते, हे उलगडण्यात त्याचा मोठा वाटा आहे. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. वडिलांच्या काचपेटीत पाणी का टिकत होते, याचे निम्मे उत्तर मुलाने शेतातल्या मातीत शोधले. माशांच्या विष्ठेतून आणि श्वसनातून अमोनिया निघतो, तो विषारी. एक जिवाणू त्याचे नायट्राइट करतो, तेही विषारी. दुसरा जिवाणू नायट्रेट करतो, ते बरेच सौम्य. पण नायट्रेट साचत जाते आणि पाणी बदलल्याशिवाय सहसा जात नाही. फिल्टरमधला स्पंज क्लोरीनच्या नळाखाली खसखसून धुणारा माणूस हे जिवाणूच मारून टाकतो आणि चार दिवसांनी मासे का मेले म्हणून विचारत फिरतो.

आपल्याकडे मासे पाळण्याची जुनी जागा म्हणजे मशिदीचा हौज. मुंबईची जामा मस्जिद 1802 मध्ये पूर्ण झाली, ती एका जुन्या तलावावरच उभी आहे आणि वजूच्या त्या पाण्यात मासे आहेत. हनफी फिक्हमध्ये ‘दह दर दह’ म्हणजे दहा हात लांब, दहा हात रुंद हौजाला वाहत्या पाण्यासारखे मानतात. थोडी घाण पडली तरी रंग, चव, वास बदलेपर्यंत ते पाणी नापाक होत नाही. हा नियम पाकीचा आहे, माशांच्या तब्येतीचा नव्हे. पण पाण्याचे प्रमाण किती महत्त्वाचे, ही समज त्यात आहे. दोन फुटांच्या काचपेटीत सहा डिस्कस कोंबणाऱ्याला ती नसते.

डिस्कस घराघरांत येऊ लागले दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि नंतर. ते अंडी घालत, पण पिल्ले जगत नसत. त्यांचे नातलग एंजलफिश आई-बापांपासून वेगळे करून वाढवता येत, म्हणून डिस्कसची अंडीही काढून घेतली जात. पिल्ले उपाशी मरत. 1959 मध्ये हिल्डेमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने याचे कारण शास्त्रीय नियतकालिकात मांडले: पोहायला लागलेली पिल्ले आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. आई थकली की बाप पुढे होतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की अंडी घातल्यावर या स्रावात प्रथिने आणि प्रतिपिंडे वाढतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात आई-बाप पिल्लांपासून दूर जाऊ लागतात. आपण ज्याला दूध तोडणे म्हणतो, तेच. पिल्ले नाजूक नव्हती, माणसाने त्यांना घरातून उचलले होते.

रिओ निग्रोचे पाणी कुजलेल्या पानांमुळे चहाच्या रंगाचे, अत्यंत मृदू आणि आम्लधर्मी असते, पीएच साधारण 4 ते 5. डिस्कस तिथे बुडालेल्या फांद्यांत कळपाने राहतात. आज बाजारात मिळणारे बहुतेक मासे पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले असतात. त्यांना पीएच 7 ही चालतो, मात्र तो रोज बदललेला चालत नाही. तापमान 28 ते 30 अंश लागते. पाणी गरम आणि अल्कधर्मी असेल तर अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी जास्त जपावे. क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी वारंवार बदलणे, एकटा-दुकटा न ठेवता पाच-सहाचा गट ठेवणे, नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवणे, ही अर्धी तब्येत झाली. मासा काळवंडला, खाईना, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकू लागला, तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्यावी. पण औषधाआधी पाणी तपासावे. पाणी खराब असताना दिलेले औषध बहुधा वाया जाते.

इतिहासाचा शेवटचा टप्पा मला सर्वांत अस्वस्थ करतो. जर्मनीत एडुआर्ड श्मिट-फोके आणि अमेरिकेत जॅक वॉटली यांनी निवडक पैदाशीतून निळे, फिरोजी डिस्कस घडवले. 1990 च्या सुमारास थायलंडमधून ‘पिजन ब्लड’ हा केशरी-लाल प्रकार आला आणि जगभर खपला. त्याच्या अंगावर ते उभे काळे पट्टे नाहीत. मूळ मासा घाबरला, आजारी पडला की पट्टे गडद होतात. पाळणाऱ्याला तेवढ्यावरून कळते. पिल्ले सांभाळताना त्याचे अंग काळपट होते आणि पिल्ले त्या गडद रंगाकडे ओढली जातात. पिजन ब्लडला नीट काळे होता येत नाही, म्हणून त्याची पिल्ले कधी कधी आई-बापांना सोडून फिल्टरच्या काळ्या स्पंजला चिकटतात, असा पैदास करणाऱ्यांचा अनुभव आहे. आपल्याला रंग हवा होता. त्यासाठी माशाची भाषा आपण काढून घेतली.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा गुन्हा असा सांगितला आहे की तिने मांजरीला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला सोडलेही नाही. पाळणे हराम आहे असे त्यातून निघत नाही; पण ज्याला कोंडले त्याचा हिशेब कोंडणाऱ्याकडे आला, हे निघते. कोंडलेल्या मांजरीला निदान हवा मिळत होती. टाकीतल्या माशाचा श्वाससुद्धा आपण भरलेल्या पाण्यावर चालतो. म्हणून डिस्कस घ्यावा का, असे मला कोणी विचारले की मी माशाची किंमत सांगत नाही. आठवड्यातून दोनदा बादल्या उचलण्याची तयारी आहे का, एवढेच विचारतो.