बेळगाव लोकसभा मतदारसंघ : सीमाप्रश्न, सीमांकन आणि मतदानाचा कल (१९५२ ते २०२४)

सीमाभागातील महाविद्यालयांत राज्यशास्त्र किंवा आधुनिक इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकांना एका प्रश्नाला हमखास तोंड द्यावे लागते. बेळगाव शहराने इतकी वर्षे महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून दिले, महानगरपालिकेवर समितीची सत्ता राहिली, मग समितीचा खासदार एकदाही का झाला नाही? या प्रश्नाची दोन तयार उत्तरे बाजारात फिरतात. पहिले असे की, मराठी माणूस विधानसभेला मराठी असतो आणि लोकसभेला दुसराच कोणी होतो. दुसरे अधिक दबक्या आवाजात दिले जाते : मुसलमानांनी साथ दिली नाही. दोन्ही उत्तरांत दोष मतदाराच्या माथी मारलेला आहे. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे की, मतदाराकडे बोट दाखविण्यापूर्वी मतदारसंघाचा नकाशा पाहावयास हवा. (शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' असे झाले आहे, येथे मराठीतील रूढ नावच वापरले आहे.)

प्रथम नकाशा. २००८ मध्ये अमलात आलेल्या पुनर्रचनेनुसार बेळगाव लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रे येतात : अरभावी, गोकाक, बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती यल्लम्मा आणि रामदुर्ग. यांपैकी मराठी मतदारांचे वजन जाणवते ते शहराची दोन आणि ग्रामीण अशा तीन क्षेत्रांत. उरलेली पाच घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यातील, निर्विवाद कन्नड मुलखातील आहेत. मराठीचे दोन मोठे पट्टे तर या मतदारसंघात नाहीतच. निपाणी चिकोडी मतदारसंघात आहे. खानापूर जिल्ह्याने बेळगावचे, पण लोकसभेसाठी उत्तर कन्नड मतदारसंघात, म्हणजे कारवार, कुमठा, भटकळ या किनारपट्टीच्या गावांबरोबर.

हे ध्यानात घेऊन महाजन आयोगाचा अहवाल पुन्हा वाचला, तर एक विचित्र गोष्ट दिसते. ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमलेल्या आणि ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल देणाऱ्या या आयोगाने बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावे असे सांगितले. पण निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि कर्नाटकाने तो अंतिम मानला. अंमल मात्र कशाचाच झाला नाही. म्हणजे ज्या गावांवरील मराठी हक्क आयोगालाही मान्य होता ती आज दोन वेगळ्या मतदारसंघांत आहेत, आणि ज्या शहराचा हक्क आयोगाने नाकारला ते तिसऱ्यात. सीमाप्रश्नावरचे मत एका पेटीत कधी मोजलेच जात नाही. असे कोणी हेतुपुरस्सर केले असे आमचे म्हणणे नाही. लोकसंख्या सारखी वाटून घेणे हा सीमांकनाचा पहिला नियम असतो. तो पाळतानाही हे घडू शकते. पण परिणाम तोच.

आता काळाच्या क्रमाने. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि बेळगाव उत्तर व बेळगाव दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. उत्तरेतून काँग्रेसचे बळवंत नागेश दातार निवडून आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूरमध्ये गेला. पुनर्रचनेचे विधेयक ज्या केंद्रीय गृहखात्याने मांडले त्याच खात्यात दातार मंत्री होते. असे असूनही १९५७ आणि १९६२ मध्ये बेळगावने त्यांनाच निवडले. १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार लोकांच्या स्मरणात ताजा होता, हे विसरून चालणार नाही. दातारांच्या निधनानंतर १९६३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचेच एच. व्ही. कौजलगी आले.

त्याच १९५७ मध्ये शेजारच्या चिकोडीतून शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे दत्ता आप्पा कट्टी निवडून आले. फेडरेशन तेव्हा मुंबई राज्यात संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक पक्ष होता. सीमाभागातून काँग्रेसला हरवून दिल्लीत गेलेला तो पहिला आवाज, आणि तो आंबेडकरी चळवळीचा होता. सीमालढ्याच्या आपल्या पाठ्यपुस्तकी हकिकतीत हे नाव क्वचितच येते. बेळगावच्या तुलनेत चिकोडीत हे का शक्य झाले, याचे उत्तर निपाणीचा मराठी पट्टा आणि दलित मतदार यांच्या युतीत शोधावे लागेल, असे आम्हांस वाटते. भाषेच्या मताला दुसऱ्या एखाद्या मोठ्या समूहाची जोड मिळाली की ते जिंकू शकत होते. एकटे पडले की नाही.

येथे एक तांत्रिक बाब विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी. १९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका बरोबरच होत. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, त्याच मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका पडत. १९६२ आणि १९६७ मध्ये बेळगाव शहरातून समितीचे बा. रं. सुंठणकर विधानसभेवर गेले आणि त्याच खेपेला लोकसभेची जागा काँग्रेसने राखली. मराठी मतदाराने दोन पत्रिकांवर दोन वेगळी मते दिली असा निष्कर्ष यावरून चटकन काढला जातो. काहींनी तसे केलेही असेल. पण शहरातील सगळी मते समितीच्या पारड्यात टाकली तरी गोकाक-बैलहोंगलच्या मतांपुढे ती अपुरीच ठरली असती. विधानसभेला शहर एकटे होते. लोकसभेला ते मोठ्या कुटुंबातील धाकटे भावंड होते.

१९६७ ची लोकसभा आमच्या वाचकांच्या दृष्टीने आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. त्या वर्षी बेळगावहून काँग्रेसचे एन. एम. नबीसाब निवडून आले. महाजन आयोगाचे काम चालू होते, भाषेचा प्रश्न टिपेला पोचला होता आणि अशा वेळी मतदारसंघाने एका मुसलमान उमेदवाराला दिल्लीस पाठविले. त्यांच्यापूर्वी किंवा त्यांच्यानंतर बेळगावातून मुसलमान खासदार झालेला नाही. या निवडीचा फार गोड अर्थ लावण्याचे कारण नाही. एकपक्षीय वर्चस्वाच्या त्या काळात काँग्रेसची उमेदवारी हीच निम्मी निवडणूक असे, आणि उत्तरेत काँग्रेस ढासळत असताना म्हैसूर राज्य तिच्याकडेच राहिले होते. तरीही आमच्या मते हे खरे की, दोन भाषिक बाजू एकमेकींसमोर उभ्या असताना कोणत्याच बाजूचा शिक्का नसलेला उमेदवार पक्षाला सोयीचा वाटला असावा. ही सोय पुढे राहिली नाही. १९७१ व १९७७ मध्ये ए. के. कोट्रशेट्टी आणि १९८० पासून १९९१ पर्यंत सलग चार वेळा एस. बी. सिदनाळ, असे काँग्रेसचे लिंगायत नेतृत्व येथे स्थिरावले. या वीस वर्षांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही; निकाल आधीच ठरलेले असत.

१९९६ मध्ये मात्र बेळगावचे नाव देशभर झाले. समितीने सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी शेकडो कार्यकर्त्यांचे अर्ज भरले आणि रिंगणात ४५६ उमेदवार उरले. त्याच वर्षी आंध्रातील नलगोंडा येथे पाण्यातील फ्लोराइडच्या प्रश्नावर ४८० आणि तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा क्षेत्रात १,०३३ उमेदवार उभे होते. मतपत्रिका ही पत्रिका न राहता चोपडी झाली. याचा परिणाम सीमाप्रश्नावर नाही, निवडणूक कायद्यावर झाला. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपयांवर गेली आणि अपक्ष उमेदवाराला दहा सूचकांची अट लागली. प्रतीक म्हणून ही चाल मोठी होती, यात शंका नाही. पण मतांच्या हिशेबात तिने समितीचे नुकसानच केले असे म्हणावे लागते. शेकडो नावांत वाटले गेलेले मत मोजून 'एवढे लोक आमच्या बाजूचे' असे दाखविता येत नाही. समितीला आपले खरे बळ सांगण्याची संधी होती. तिने निषेध निवडला.

त्या निवडणुकीत जनता दलाचे शिवानंद कौजलगी जिंकले. १९९८ मध्ये शेतकरी चळवळीतून आलेले बाबागौडा पाटील भारतीय जनता पक्षाकडून आले आणि वाजपेयी मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले; १९९९ मध्ये काँग्रेसचे अमरसिंह पाटील. तीन निवडणुकांत तीन पक्ष. जुने बांध फुटले होते, पण नवे पडले नव्हते. ते २००४ मध्ये पडले. सुरेश अंगडी यांनी भाजपसाठी ही जागा जिंकली आणि २००९, २०१४, २०१९ अशी राखली. या बदलामागे दोन प्रवाह होते. एक लिंगायत मतदाराचा : १९९० मध्ये मुख्यमंत्री वीरेंद्र पाटील यांना ज्या रीतीने दूर करण्यात आले तेव्हापासून तो काँग्रेसपासून सुटत गेला. दुसरा मराठी तरुणाचा : भाषेच्या राजकारणात वाढलेला हा तरुण राष्ट्रीय निवडणुकीत हिंदुत्वाच्या झेंड्याखाली त्याच लिंगायत मतदाराशेजारी उभा राहिला, ज्याच्याशी त्याचे सीमाप्रश्नावर भांडण होते. समितीचा जनाधार काँग्रेसने खाल्ला त्यापेक्षा कितीतरी अधिक भाजपने खाल्ला. २०१३ च्या विधानसभेत बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन जागा समितीने जिंकल्या. वर्षभरात लोकसभेला अंगडी ७५,८६० मतांनी आले. २०१८ आणि २०२३ मध्ये विधानसभेतही समितीचा कोणी उरला नाही. सप्टेंबर २०२१ च्या महानगरपालिका निवडणुकीत तर ५८ पैकी ३५ जागा भाजपकडे गेल्या.

मुसलमानांनी साथ दिली नाही या आरोपाचा विचार येथे करावयास हवा. त्याची कसोटी पाहण्यास २०२१ ची पोटनिवडणूक उत्तम आहे, कारण त्या वेळी समितीने विखुरलेले अर्ज न भरता शुभम शेळके हा एकच उमेदवार दिला. अंगडी यांचे सप्टेंबर २०२० मध्ये करोनाने निधन झाल्यामुळे ही निवडणूक एप्रिल २०२१ मध्ये झाली. आकडे असे : मंगला अंगडी (भाजप) ४,४०,३२७, सतीश जारकीहोळी (काँग्रेस) ४,३५,०८७, शेळके १,१७,१७४. भाजपचे मताधिक्य केवळ ५,२४०. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, अंगडी यांना ७,६१,९९१ आणि काँग्रेसच्या उमेदवाराला ३,७०,६८७ मते होती, मताधिक्य ३,९१,३०४. म्हणजे दोन वर्षांत भाजपची मते ३,२१,६६४ ने घटली, काँग्रेसची ६४,४०० ने वाढली. पोटनिवडणुकीत मतदान कमी होते हे जमेस धरले तरी शेळके यांची सव्वा लाखाच्या घरातील मते कोणाच्या गंगाजळीतून आली हे सांगण्यास गणिताचा प्राध्यापक नको. मुसलमान मतदार समितीच्या गंगाजळीत मुळात नव्हताच. त्याने ती रिकामी केली असे कसे म्हणावे? २०२४ मध्ये ही मते पुन्हा परतली. समितीचा उमेदवार होता, पण २०२१ चा आकडा त्याच्या जवळपासही आला नाही. हुबळीहून आलेले माजी मुख्यमंत्री जगदीश शेट्टर यांनी भाजपसाठी ७,६२,०२९ मते घेतली आणि काँग्रेसच्या मृणाल हेब्बाळकर यांना १,७८,४३७ मतांनी हरविले.

मुसलमान मतदार समितीजवळ का गेला नाही, हा मात्र रास्त प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती. मातृभाषा कन्नड सांगणारे सुमारे ६८ टक्के, मराठी सुमारे १९ टक्के आणि उर्दू सुमारे १० टक्के. सीमाप्रश्नाची चर्चा पहिल्या दोन आकड्यांवर होते, तिसरा दोन्ही पक्ष सोडून देतात. घरी दखनी बोलणारा, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड वापरणारा माणूस जनगणनेच्या रकान्यात 'उर्दू' लिहितो आणि दोन्ही दाव्यांतून वजा होतो. खानापूर-निपाणीकडील ज्या मुसलमान घरांत मराठीच चालते त्यांच्या बाबतीत ही वजाबाकी अधिक बोचरी आहे. सीमालढ्याची भाषा 'मराठी भाषिक' अशी होती, तरी तिची प्रतीके हळूहळू अशी होत गेली की त्या भाषेत बोलणाऱ्या या माणसाला तेथे आपली जागा दिसेना. त्याने आपला मार्ग वेगळा शोधला. २००८ मध्ये शहर उत्तर-दक्षिण असे विभागले गेल्यावर बेळगाव उत्तरमधून काँग्रेसचे फिरोज सेठ २००८ व २०१३ मध्ये आणि आसिफ सेठ २०२३ मध्ये निवडून आले. मधल्या २०१८ मध्ये तेथे भाजपचे अनिल बेनके होते. येथेही सीमांकनाची रेषा मतदाराच्या मनापेक्षा कमी प्रभावी ठरली नाही : अखंड शहराच्या मतदारसंघात न जुळणारे गणित अर्ध्या शहरात जुळले.

कोणत्या समाजाने कोणाला मत दिले याची सरकारी नोंद होत नसते, हे विद्यार्थ्यांना वारंवार सांगावे लागते. केंद्रनिहाय मतांची नोंद मात्र 'नमुना २०' मध्ये मिळते आणि तो निवडणूक कार्यालयाकडून उपलब्ध होतो. बेळगाव उत्तरच्या आणि ग्रामीणच्या केंद्रांचे २०१९, २०२१ व २०२४ चे नमुने शेजारी ठेवून एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून तक्ता करून घेतला, तर दबक्या आवाजातील पुष्कळशी विधाने तेथेच तपासता येतील. खानापूरचा तक्ता मात्र वेगळा करावा लागेल. २०२४ मध्ये तेथील माजी आमदार अंजली निंबाळकर काँग्रेसतर्फे लोकसभेस उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना मते मागण्यासाठी घाट उतरून कुमठा-भटकळपर्यंत जावे लागले. विश्वेश्वर हेगडे कागेरी यांच्याकडून त्या पराभूत झाल्या, आणि खानापूरची मते बेळगावच्या नव्हे, उत्तर कन्नडच्या बेरजेत गेली.