पाटीच्या आधी अंगण

भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. रांजणगावच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेले पालक असोत, दौंडच्या रेल्वे वसाहतीतले असोत की ऊस बागायतदार, मूल तीन वर्षांचे झाले की त्यांचा अंगणवाडीताईंना प्रश्न ठरलेला: "पोरं नुसती खेळतात, लिहायला कधी शिकवणार?" या प्रश्नात आम्हाला पालकांचा अडाणीपणा दिसत नाही. अक्षर आले म्हणून ज्यांच्या घरात नोकरी आली, ते अक्षराची घाई करणारच. पण 'नुसती खेळतात' हा शब्दप्रयोग मात्र इतिहासाच्या उजेडात तपासून पाहायला हवा.

जर्मनीत फ्रोबेल यांनी 1837 साली लहान मुलांसाठी खेळावर उभी असलेली संस्था काढली. तीच पुढे बालोद्यान, म्हणजे किंडरगार्टन, या नावाने जगभर गेली. 1907 मध्ये रोममधील गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. गंमत अशी, की त्यांची काही मुले चौथ्या-पाचव्या वर्षी आपणहून लिहू लागली. मग लवकर लिहिणे वाईट कसे? इथे क्रम पाहावा लागतो. त्या मुलांनी आधी दट्टे खाचांत बसवले होते, आकृत्यांच्या कडा गिरवल्या होत्या, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवली होती. हात तयार झाल्यावर अक्षर आले. आपण माँटेसरींचे नाव पाटीवर रंगवले आणि क्रम उलटा केला!

माँटेसरींचा विचार गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरच्या बालमंदिरात आणला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्यात कोठून आणायची? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने मानली. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज घराघरांत रुळलेल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे हा अंगणाचा अनुभव आहे. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

खेळ आणि वाचन यांचा संबंध आता अधिक स्पष्ट झाला आहे. वाचायला शिकण्यासाठी बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाला वेगळे जाणवावे लागतात. 'बा-भू-ळ' असे टाळ्या वाजवत म्हणणारे मूल हेच करत असते. आपल्या लिपीत तर काने, मात्रे, जोडाक्षरे मिळून शेकडो आकार. ते पक्के व्हायला प्राथमिक शाळेची काही वर्षे लागतात. तिसऱ्या वर्षी सुरुवात केल्याने ही वर्षे तेवढ्याच प्रमाणात कमी होत नाहीत. न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन सुरू करणाऱ्या मुलांची तुलना झाली. अकराव्या वर्षाच्या सुमारास उशिरा सुरू करणारी मुले बरोबरीला आलेली होती. घरात पुस्तक नसलेल्या मुलाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. त्याला गोष्टी आणि चित्रे लवकरच मिळायला हवीत. गिरवण्याचा गृहपाठ नव्हे.

1993 मध्ये यशपाल समितीने बालवर्गांतील लेखन-वाचनाच्या सक्तीला लहान मुलांवरील हिंसा म्हटले आणि प्रवेशाच्या मुलाखती बंद करण्याची शिफारस केली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाखतींना मनाई केली, पण कायद्याचा हक्क सहाव्या वर्षापासून. त्याआधीची तीन वर्षे पालकांच्या ऐपतीवर राहिली. 2020 च्या धोरणाने तीन ते आठ हा एकच टप्पा मानला आहे.

म्हणून शिरूर-दौंडच्या पहिलीच्या शिक्षकांना आमची एक सूचना. जूनमध्ये नव्या मुलाला 'क' काढून दाखव म्हणण्याआधी त्याच्या स्वतःच्या नावाचे तुकडे टाळ्यांवर पाडायला सांगून पाहा. उसाच्या फडावरून आलेली मुलेही हा खेळ खेळू शकतात. त्याला पाटीही लागत नाही.